पिशवी, सूज आणि विसरभोळेपणा

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या बी विंगमध्ये राहतात आणि तीस वर्षांहून जास्त काळ जनरल प्रॅक्टिस करत आहेत. भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करून उतरवून घेतलं आहे. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

महिला मंडळाच्या सगळ्या मैत्रिणी, कमिटीचे सभासद, आणि दाराजवळच्या खुर्च्या पकडून बसलेले मागच्या रांगेतले काका लोक. हळदीकुंकवाला तुम्हाला पहिल्यांदाच बोलावलंय, तेव्हा चहापर्यंत तरी थांबा. तुमच्याबद्दलही बोलणार आहे.

सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'आनंदी वार्धक्य'. मी म्हटलं, वार्धक्यावर बोलते, आनंदाची गॅरंटी देत नाही. मग तेच म्हणाले, अल्झायमरवर बोला ना मॅडम, तुमच्या आईंना होता.

होता. इथल्या जुन्या लोकांना आई आठवत असेल. सोसायटी नवीन होती, झाडं अजून कमरेएवढीसुद्धा नव्हती, तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली. दोन-तीन वर्षांत सुरू झालं. पहाटे बादली घेऊन पार्किंगमध्ये उभी राहायची, अंगणात सडा घालायचा म्हणून. अंगण गावाकडे होतं, ते घर विकूनही दहा वर्षं झाली होती. एकदा रात्री दोन वाजता गेटबाहेर निघाली होती. तेव्हाच्या वॉचमनकाकांनी तिला 'आजी, बस सकाळी आहे' असं सांगून खुर्चीवर बसवलं, बिस्किटं दिली आणि मग इंटरकॉम केला. ते उपकार मी विसरलेली नाही. सहासष्टाव्या वर्षी निदान झालं, पंचाहत्तराव्या वर्षी ती गेली. शेवटची तीन वर्षं मला 'ताई' म्हणायची. ताई म्हणजे तिची थोरली बहीण.

आता ही गोष्ट इथे ठेवते आणि थोडं मागे जाते.

१९०१ साली जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या इस्पितळात, एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. ऑगस्टे डेटर. स्वतःचं नाव लिहिता लिहिता विसरायची. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ साली ती गेल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात पेशींच्या बाहेर चिकट गोळे आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. त्याच वर्षी त्यांनी ते एका परिषदेत मांडलं आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. त्या गोळ्यांना आज अमायलॉइड म्हणतात, धाग्यांना टाऊ. आणि एक गोष्ट आता पक्की कळली आहे की हा कचरा साठायला लागतो तो विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे आज इथे ज्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुली बसल्यात, त्यांच्यासाठीच हे भाषण जास्त आहे. आजी लोकांनी ऐकून घ्यावं आणि सुनांना सांगावं.

भारतात हे प्रमाण किती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. सगळा स्मृतिभ्रंश अल्झायमरचा नसतो, पण मोठा हिस्सा त्याचाच. आपल्या सोसायटीत साठीच्या वर सव्वाशे जण तरी असतील. गणित तुम्हीच करा. आणि यात बायका जास्त असतात. अमेरिकेत तर तीन रुग्णांमागे दोन बायका. बायका जास्त जगतात हे एक कारण झालंच, पण तेवढंच असेल असं वाटत नाही. इथेच हॉर्मोन्सचा विषय येतो.

आईच्या ट्रंकेत एक कागद होता. मी मेडिकलला असताना तो माझ्या हाती लागला. अडतिसाव्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं. घरात सगळे म्हणायचे 'पिशवी काढली'. अंगावरून जास्त जायचं. डॉक्टरांनी वडिलांना एवढंच सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आईला कुणी काही विचारलं नाही. कागदावर लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. 'दोन्ही अंडाशयं' हे शब्द आमच्या घरात दहा-बारा वर्षं कुणाला माहीतच नव्हते.

फरक नीट समजून घ्या. गर्भाशय म्हणजे बाळ वाढतं ती पिशवी. तिच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. हॉर्मोन्स तयार होतात ती तिथे. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं आपलं काम बहुतेक वेळा करत राहतात. अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन दोन दिवसांत खाली कोसळतं. निसर्ग जे काम पाच-सात वर्षांत हळूहळू करतो, ते एका दुपारी होतं. आपल्या भाषेत दोन्हीला 'पिशवी काढली' असंच म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

आणि इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळीपुरतं नसतं. मेंदूत, विशेषतः आठवणींच्या भागात, इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा आहेत. साखर वापरून ऊर्जा तयार करायला, पेशींचे एकमेकींशी धागे जोडायला, रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला त्याची मदत होते. सूज आटोक्यात ठेवायलाही होते, त्यावर नंतर येते. पाळी जाताना ज्या गरम वाफा येतात त्याही मेंदूतूनच सुरू होतात. त्या काळात 'शब्द आठवत नाही, स्वयंपाकघरात कशाला आले तेच कळत नाही' असं होतं. घाबरू नका. बहुतेकींचं ते दोन-चार वर्षांत निवळतं, तो अल्झायमर नव्हे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिक आहे. तिथल्या वॉल्टर रोका यांच्या गटाने १९५० ते १९८७ या काळात अंडाशयं काढलेल्या बायकांचा माग काढला आणि २००७ साली निष्कर्ष छापले. पाळी नैसर्गिकपणे जायच्या आधी अंडाशयं काढलेल्या बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा किंवा बुद्धी मंदावण्याचा धोका सुमारे दीडपट दिसला. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त. ज्यांनी नंतर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही.

तर आईला त्यामुळेच झाला का? तसं मला म्हणता येणार नाही, कुठल्याच डॉक्टरला म्हणता येणार नाही. तिला बीपी होतं, नंतर साखर आली, एका कानाने ऐकू येत नव्हतं. दीडपट धोका म्हणजे खात्री नव्हे. अंडाशयं काढलेल्या कितीतरी बायका ऐंशीव्या वर्षीही पतवंडांची नावं क्रमाने सांगतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला विचारायला हवं होतं, आणि काढली तर पुढे काय घ्यायचं ते सांगायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल ही जुनी गोष्ट झाली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली ती आठवते? पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून आणि डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली म्हणून ऐन तिशीत पिशव्या काढलेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पुढे २०२२ साली केंद्राने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली सुप्रीम कोर्टाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. कागदावर झालं. पण आपल्याकडे धुणीभांडी करायला येणारी एकजण गेल्या वर्षी माझ्याकडे आली, वय चौतीस, ऑपरेशनची तारीख ठरवून. अंगावरून जातं, बाकी काही नाही. मी तिला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. रक्त वाढवायच्या गोळ्या आणि कॉपर-टीसारखं एक हॉर्मोनचं साधन बसवून भागलं. पिशवीही शाबूत, अंडाशयंही. तेव्हा तुमच्या घरी येणाऱ्या ताईंना हे भाषण सांगा, ही माझी पहिली विनंती.

कधीकधी काढावीच लागतात, हेही सांगते. कॅन्सर असेल, घराण्यात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचा दोष असेल, तर अंडाशयं काढणं हेच शहाणपण. प्रश्न विचारायचा तो असा: 'डॉक्टर, अंडाशयं काढणार का? का?'

आता दुसरी बाजू. हे ऐकून कुणी उद्या मेडिकलमधून हॉर्मोनच्या गोळ्या आणायला जाऊ नका. एकेकाळी अमेरिकेत तसंच झालं. सगळ्यांना वाटलं, इस्ट्रोजेन कमी झाल्याने म्हातारपण येतं, तर ते देऊन टाकू. मग सरकारने मोठा अभ्यास केला. पासष्टीच्या वरच्या साडेचार हजार बायका घेतल्या. निम्म्यांना दोन हॉर्मोन्सची एकत्र गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २००३ साली निकाल आला. हॉर्मोनवाल्या गटात ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, दुसऱ्या गटात २१ जणींना. कमी होण्याऐवजी दुप्पट! नंतर नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना चार वर्षं हॉर्मोन्स देऊन पाहिली. बुद्धीला तोटा नाही, फायदाही नाही. दहा-एक वर्षांनी पुन्हा तपासलं तरी तसंच.

त्याच्यावरून मी माझ्या पेशंटना जे सांगते ते असं. वाफांनी, घामाने रात्र रात्र झोप नसेल, पाळी जाऊन फार वर्षं झाली नसतील, तर हॉर्मोन्स घ्यायला लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, मग ती आपोआप असो की ऑपरेशनने, तर जरूर विचारा. स्तनाचा कॅन्सर वगैरे अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत ती भरून काढावीत असाच सल्ला देतात, हाडांसाठी आणि हृदयासाठी. पण साठ-पासष्टीला, फक्त स्मरणशक्तीसाठी? नाही. काका लोकांसाठी तेच. टेस्टोस्टेरॉनचाही प्रयोग झाला, विसरायला लागलेल्या वयस्कर पुरुषांना वर्षभर दिलं, २०१७ साली निकाल लागला. स्मरणशक्तीत काही फरक नाही. हसू नका, मला विचारायला आलेले दोघं या हॉलमध्ये आहेत.

सूज. सूज म्हटलं की आपल्याला मुरगळलेला पाय आठवतो. लाल होतो, ठणकतो, आपण हळद-चुना लावतो, चार दिवसांत उतरतो. ती चांगली सूज, दुरुस्तीची. मी म्हणतेय ती वेगळी. मंद आचेवर दूध ठेवून आपण गॅलरीत गप्पा मारत बसतो, वरून शांत दिसतं आणि तळाला लागत असतं, तशी. ताप नाही, दुखणं नाही, पण वर्षानुवर्षं चालू. पोटाचा घेर वाढला की ती चरबी नुसती बसून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. साखर ताब्यात नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तंबाखू-मिश्री चालू असेल, झोप मोडत असेल, तर ही आच चालूच राहते.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या मेंदूच्या सफाई कामगार. तो चिकट अमायलॉइडचा कचरा उचलायचं काम त्यांचं. पण शरीरातून सतत सुजेचे निरोप येत राहिले की त्या बिथरतात. कचरा तसाच राहतो आणि पेशींमधले चांगले जोडच उपटून टाकायला लागतात. इस्ट्रोजेन या पेशींना जरा शांत ठेवतं. ते गेल्यावर, आणि नेमक्या त्याच वयात पोट सुटायला लागल्यावर, दोन्हीकडून मार बसतो. पन्नाशीतल्या बाईच्या कमरेचा घेर हा दिसण्याचा प्रश्न नाही हो. टेलरची टेप घ्या. बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. त्याच्या वर असाल तर काळजी घ्या.

मग सूज कमी करायची गोळी घ्यावी का? तेही करून पाहिलंय. संधिवाताला देतात तसल्या गोळ्या निरोगी वयस्करांना देऊन मोठा प्रयोग केला, तो २००४ साली थांबवावा लागला. स्मृतिभ्रंश टळल्याचं काही दिसलं नाही. आच कमी करायची ती गॅसची कळ फिरवून, दुधात पाणी ओतून नाही.

हळदीचं विचारणार, माहीत आहे. हरियाणात बल्लभगडजवळच्या खेड्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्यांपैकी निघालं, २००१ साली. लगेच सगळीकडे झालं, भारतीय हळद खातात म्हणून! अभ्यास करणाऱ्यांनी तसं म्हटलंच नव्हतं. पाहणीचा काळ लहान होता, खेड्यातल्या लोकांकडून निदान करणं अवघड, असं सांगून त्यांनी सावध राहायला सांगितलं होतं. भाजीत हळद घाला, छानच लागते. कॅप्सूल कशाला? आणि मागच्या वर्षी याच हॉलमध्ये एकजण प्रोजेक्टर लावून स्मरणशक्तीच्या गोळ्या विकून गेला, त्याचे डबे अजून काही घरांत आहेत. कमिटीने पुढच्या वेळी हॉल देताना विचार करावा. मी तिथेच बोलायला हवं होतं, बोलले नाही.

मग उपयोग कशाचा? 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली चौदा गोष्टींची यादी केली. त्या सगळ्यांच्या सगळ्या दूर करता आल्या, तर जगातला जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल असा हिशेब मांडला. चौदाही वाचून दाखवत नाही. त्यात मधल्या वयातलं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, जाडी, धूम्रपान, दारू, उदासपणा, एकटेपणा हे आहे, आणि आपल्याला लक्षातही येत नाही असं बहिरेपण आहे. कोलेस्टेरॉल आणि ऐकू न येणं या दोन्हींचा वाटा यादीत सर्वांत मोठा. चष्मा आपण चाळिशीत मिरवत लावतो आणि कानाचं मशीन म्हटलं की 'मी काय म्हातारा झालो का!' कानावर शब्द नीट पडले नाहीत की मेंदूची सगळी ताकद ते जुळवण्यात जाते, आणि मग माणूस कट्ट्यावर यायचाच बंद होतो. आईच्या बाबतीत माझी ही चूक झाली. ती दुर्लक्ष करते असं वाटून मी चिडायचे. कान तपासले ते पाच वर्षं उशिरा.

फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या बाराशे साठ जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. व्यायाम, साधा आहार, डोक्याला खाद्य आणि बीपी-साखरेवर लक्ष, हे सगळं एकत्र. २०१५ साली निकाल आला. त्यांची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा चांगली टिकली. यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं. आता नवीन इंजेक्शनं आली आहेत, अमायलॉइड काढणारी. सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग थोडा कमी करतात, महाग आहेत, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतो. गेलेली आठवण परत आणत नाहीत.

एक मात्र विसरू नका. विसरायला लागला म्हणजे अल्झायमरच असं नसतं. डी विंगमधले एक काका वर्षभर गप्प गप्प होते, बँकेत सही चुकायची. घरच्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बी-१२ अगदी तळाला गेलेलं आणि थायरॉइड मंदावलेलं. थायरॉइड हेही हॉर्मोनच की. चार महिन्यांत काका पुन्हा कमिटीशी भांडायला लागले. नाव सांगत नाही, ते स्वतःच हसतायत. शाकाहारी घरांनी बी-१२ तपासून घ्यावंच. झोपेच्या गोळ्या, नैराश्य, यानेही असंच होतं. आधी रक्त तपासा, मग घाबरा.

आणि ज्यांच्या घरी निदान झालंय त्यांनी लपवू नका. किमान वॉचमनला सांगा. आजोबांच्या खिशात घरचा फोन नंबर ठेवा. सांभाळणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार सुटी द्या, शेजारच्यांनी दोन तास बसावं, मी बसेन. मन फार जड झालं तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, दोन्ही फुकट.

चहा आलेला दिसतोय, त्यामुळे थांबते. येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी सोसायटीच्या ऑफिसात बीपीचं मशीन आणि टेप घेऊन बसणार आहे. चाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी या, काका लोकांनीसुद्धा. चहा-कॉफी अर्धा तास आधी घेऊ नका. आणि ज्या मैत्रिणींचं पिशवीचं ऑपरेशन झालंय त्यांनी घरी जाऊन ट्रंकेत, फाइलीत, कपाटावरच्या बॅगेत शोधा आणि तो जुना कागद सोबत आणा. अक्षर कळत नसेल तर मी वाचून देईन.